मोठ्या डॉक्टरांचा स्वच्छ गाऊन

आमच्या जनावरांच्या हॉस्पिटलात ती बाई मॅनेजर म्हणून रुजू झाली, त्याच दिवशी मी आक्काला म्हटलं, "ही टिकायची नाही. आणि टिकलीच, तर आपण टिकायचो नाही."

आक्का म्हणजे आमची मोठी सिस्टर. सख्खी बहीण नाही कुणाची, पण थिएटरपासून पिंजऱ्यांपर्यंत सगळं तिच्या शब्दावर चालतं. मी बसते काउंटरवर. फोन घ्यायचे, नंबर लावायचे आणि कुत्र्याला कवटाळून रडणाऱ्या मालकांना धीर द्यायचा, हे माझं काम. मला सगळे रेडिओ म्हणतात. म्हणू देत. माझ्या आवाजानं माणसं शांत होतात हे मोठे डॉक्टर स्वतः सांगायचे.

तर ही बाई. आली आणि कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, आधी जाऊन कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून बघितलं. मग औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. ते लागलेलं होतं, तरी पुन्हा ओढलं. मी चहा पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, मी माझा करून घेईन." अगं बाई, चहात काय विष घालणार होते मी? पैलवान हसायला लागला. पैलवान आमचा वॉर्डबॉय. अंगानं काडी आहे, पण बैलाएवढा कुत्रा एका हाताखाली दाबून धरतो. संध्याकाळपर्यंत त्यानं बाईंचं नाव शंकाबाई ठेवून टाकलं होतं.

आधी ती एका मोठ्या लॉन्ड्रीची मॅनेजर होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कपडे, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. जनावरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. घरात एक म्हातारी कुत्री होती, तेवढाच काय तो संबंध. मग लॉन्ड्रीवाली इथं कशाला? आम्ही आपला हिशेब मांडला: धाकट्या मालकांनी पाठवली. धाकटे मालक म्हणजे मोठ्या डॉक्टरांचे भाऊ. हॉस्पिटलची निम्मी जागा त्यांच्या नावावर आहे, आणि ती मोक्याची जागा विकायची त्यांना केव्हाची घाई झालीय. भाऊ काम करतोय तोवर त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. म्हणून ही हेर. आमच्यातलं काहीतरी उकरून काढायला आणलेली.

आणि उकरायला होतं. आता लपवून काय करायचं, सांगूनच टाकते. मोठ्या डॉक्टरांची नजर गेली होती. आंधळे नव्हते. चालायचे, फिरायचे, आवाजावरून प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. पण समोर बघितलं की बरोबर मधोमध धूसर. कडेचं दिसतं, नेमकं हवं ते दिसत नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते एका मांजरीच्या ऑपरेशनमध्ये. आतली एक रक्तवाहिनी बांधायची सुटली, आणि मांजर टेबलावरच गेलं. आक्कानं पाहिलं, छोट्या डॉक्टरांनी पाहिलं. छोट्या डॉक्टर म्हणजे आमच्या तरुण डॉक्टरीण बाई, मोठ्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या दोघींनी मोठ्यांना सांगितलं, "हृदय कमकुवत होतं तिचं." बस्स. तेव्हापासून आमची व्यवस्था सुरू झाली. पहिला छेद मोठे घ्यायचे, आक्का कातडीवर जाड रेघ मारून द्यायची. पुढे छोट्या डॉक्टर शिकण्याच्या निमित्तानं समोर उभ्या राहून सगळं करायच्या. मालकांनी विचारलं की मी काउंटरवरून सांगायची, "मोठे डॉक्टर स्वतः करणार आहेत, अगदी निर्धास्त राहा." लोक त्यांच्या नावावर यायचे हो! लांबलांबून यायचे. आणि त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली असती तर तो माणूस जगला असता का? वर धाकटे मालक टपलेलेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्ही ठरवलं आणि अळीमिळी गुपचिळी करून बसलो. त्यानंतर एकही जनावर दगावलं नाही, हेही सांगते.

आता शंकाबाईचं खरं बोलायचं तर कामाला ती वाघीण निघाली. आल्या आल्या तिनं मांजरांची बसायची जागा वेगळी केली, आणि बाहेरच्या खोलीतला निम्मा आरडाओरडा थांबला. पिंजरे धुवायचं फिनेल बदललं, त्या वासानं मांजरं जेवत नव्हती हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोण कुठल्या वेळी थकतं, कुणाची कुणाशी जोडी जमते, हे बघून तिनं पाळ्या लावल्या. पैलवानाला चावलं तेव्हा त्याला स्वतः घेऊन गेली, इंजेक्शन टोचून होईपर्यंत बाजूला उभी राहिली. पैलवान हळवा झाला. मी म्हटलं, "अरे वेड्या, ती इंजेक्शन खरंच घेतोस का ते बघायला उभी होती."

कारण तिची रीतच तशी. एकच प्रश्न तिघांना तीन ठिकाणी विचारायची. आक्काला भांडी उकळताना, मला फोन ठेवता ठेवता, पैलवानाला कुत्रा धुताना. "मोठे डॉक्टर हल्ली एक्सरे स्वतः बघत नाहीत का?" आम्ही तिघं वेगवेगळं बोललो की मान हलवायची आणि निघून जायची. रागवायची नाही, हेच वाईट. रागावणाऱ्या माणसाचा अंदाज येतो.

आणि मग तो गाऊन. ऑपरेशनचे कापडी गाऊन धुवायला जायचे, ते गाठोडं बांधायचं काम पैलवानाचं. एकदा दुपारी आत डोकावते तर बाईंनी गाठोडं सोडून गळ्याशी नावं टाकलेले दोन गाऊन टेबलावर पसरलेले. पंचवीस गोष्टींची काळजी घेतली होती आम्ही, पण लॉन्ड्रीवालीपुढे धुणं ठेवताना कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

"रेडिओ," ती म्हणाली. तिनंही मला रेडिओ म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते मला अजिबात खपत नव्हतं. "ऑपरेशन मोठ्यांनी केलं ना? मग त्यांचा गाऊन कोरा कसा? आणि रक्त छोट्या डॉक्टरांच्या बाह्यांना कोपरापर्यंत?"

"मोठ्यांचा हात स्वच्छ आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"हो का," ती म्हणाली, आणि गाऊन घडी करून ठेवले.

मी धावत आक्काकडे. आक्का घाबरली, आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच तिनं केलं. पुढच्या ऑपरेशननंतर पट्टीचं रक्त घेऊन मोठ्यांच्या गाऊनच्या बाह्यांना छान माखलं. काम फत्ते, असं मला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, चहाचा घोट घेत बाई म्हणाली, "आक्का, काल डॉक्टरांनी गाऊन उलटा घातला होता का? डाग आतून लागलाय, बाहेर फुटलाय." काढताना बाह्या उलट्या झालेल्या, आणि आक्कानं घाईत तशाच माखलेल्या! तिचा चेहरा पांढरा पडला. पैलवान खाली बघून बुटाची नाडी सोडायला लागला, बांधलेली. मोठे डॉक्टर तिथंच बसले होते. त्यांनी मान बाईंच्या दिशेनं वळवली. मला वाटलं, झालं. आता ही फोन करणार धाकट्या मालकांना.

पण फोन गेला नाही. दिवस गेले तरी नाही. त्यानं तर माझी झोपच उडाली. मांजर उंदराला लगेच मारत नाही, ते मी इथं रोज बघते.

शेवटी एकदा डबा खाताना मीच तोंड उघडलं. "बाई, रागावू नका, पण तुमचा या जगात कुणावर तरी विश्वास आहे का हो?"

ती जेवायची थांबली. मला वाटलं फटकारेल. पण म्हणाली, "मी शाळेच्या वसतिगृहात होते. आई आजारी होती. दर आठवड्याला मी घरी फोन करायचे. मावशी म्हणायची, आई झोपलीय गं. काका म्हणायचे, आता बरीच सुधारणा आहे. बाबा म्हणायचे, तू अभ्यास कर. सगळे इतकं प्रेमानं बोलायचे. परीक्षा संपली, घरी आले, दारातूनच आईला हाक मारली. तेव्हा सगळे खाली बघायला लागले. आई जाऊन महिना होऊन गेला होता." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "एकानंही वाईट हेतूनं केलं नव्हतं. म्हणून मला भांडताही आलं नाही कुणाशी. आता चार माणसं एकमेकांकडे न बघता गोड बोलायला लागली की मी एकेकाला वेगळं गाठून विचारत सुटते."

मी डबा बाजूला सरकवला. तरी खोटं सांगत नाही, दुसऱ्या क्षणाला माझ्या मनात आलं: हे आमिष असेल. आपलं दुःख सांगायचं आणि समोरच्याकडून काढून घ्यायचं. मी "अरेरे" म्हटलं आणि हात धुवायला उठले. बाहेर येऊन आक्कालाही सांगून टाकलं, आता जास्त जपून राहा म्हणून.

मग तो सोमवार उजाडला. ओपीडी भरलेली. तपासणीच्या खोलीचं दार ढकलून बाई आली, पण नेहमीच्या बाजूनं नाही. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, मालक उभे राहतात तिथं उभी राहिली. कडेवर शालीत गुंडाळलेली तिची म्हातारी कुत्री.

"कालपासून खाल्लं नाही. पाणी मात्र सारखं पितेय. छोट्या डॉक्टरांनी आत्ता मशीनवर पाहिलं. गर्भाशयात पू झालाय, आजच काढावं लागेल म्हणतात." आवाज असा निघाला की मी वर बघितलंच. केस विंचरलेले नव्हते तिचे.

पहिला विचार आला तो हाच की ही सोंग करतेय. मी हात पुढे करून कुत्रीच्या कानाला लावला. कान तापलेला होता. पोट फुगलेलं. नाही, कुत्री सोंग करत नाही.

"कोण करणार ऑपरेशन?" बाईनं विचारलं.

सगळे मालक हेच विचारतात, आणि याच सुरात. माझं ठरलेलं वाक्य ओठावर आलंच होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांनी करावं अशी माझी इच्छा आहे. आणि समोर कुणी नको. छोट्या डॉक्टर बाहेर बसतील. आत फक्त ते आणि आक्का."

आक्का माझ्या मागेच उभी होती. तिनं हातातला ट्रे काउंटरवर ठेवून दिला.

"बाई, असं कसं," मी म्हटलं. "दोन डॉक्टर असलेले बरे. आता अवघड असतं ते, नाजूक असतं, फुटलं तर..."

"मोठ्या डॉक्टरांचा हात स्वच्छ आहे. तूच म्हणालीस."

"अहो पण..."

"रेडिओ, माझ्याकडे बघ. घरात मी आणि ही, दोघीच आहोत. तू मला सांग, निर्धास्त राहू का?"

चिडले मी! इतकी चिडले की काउंटरवर थाप मारली. काय खेळ लावलाय, हे काय जनावराच्या जिवाशी खेळायचं आहे का, बेशरम बाई, असं सगळं तोंडात आलं. पण जे बाहेर पडलं ते वेगळंच होतं. "नका राहू," मी म्हटलं. "त्यांच्याकडून करून घेऊ नका. त्यांना दिसत नाही. वर्ष होत आलं, सगळी ऑपरेशनं छोट्या डॉक्टर करतात. मी खोटं सांगते लोकांना. आता तुमच्या त्या धाकट्या मालकांना कळवा आणि जाऊ दे सगळं खड्ड्यात!"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे वळली. आणि ओपीडीच्या दारात मोठे डॉक्टर उभे होते. किती वेळ होते कुणास ठाऊक.

ते दाराच्या चौकटीला हात लावत पुढे आले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील, किंवा कोसळतील. ते म्हणाले, "छोट्या डॉक्टरांना सांगा, मुख्य जागेवर उभ्या राहा. आक्का, तू त्यांच्या समोर. कुत्री आत घ्या, वेळ घालवू नका." पैलवानानं कुत्रीला उचललं. थिएटरचं दार बंद झालं. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, त्या दाराच्या बाहेर, मालकांच्या बाकावर मोठे डॉक्टर बसले. शेजारी बाई बसली.

बाक माझ्या काउंटरच्या अगदी समोर. कान बंद करून तर बसता येत नाही.

"बोलली शेवटी," डॉक्टर म्हणाले.

"बोलली," बाई म्हणाली. हातात रिकामी शाल घट्ट धरली होती तिनं.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुम्हा दोघांचं ठरलेलं होतं?"

"मीच आणलं यांना," डॉक्टर म्हणाले. "भावानं नाही. मी यांना एवढंच सांगितलं होतं की माझ्या माघारी काय चाललंय ते शोधून काढा. माझी बोटं जखमेपाशी असायची गं. पण गाठ कुणाची बसली ते मला दिसत नव्हतं. विचारलं की तुम्ही म्हणायचा, 'तुमचीच की डॉक्टर!' टेबलावर माझा हात चालतोय की नाही, हेच मला कळेना. माझ्याच माणसांवर संशय घ्यायची पाळी आली माझ्यावर. डोळे गेले त्याचं एवढं वाटलं नाही."

"मग बाईंनी गाऊन पाहिला त्याच दिवशी सांगायचं ना तुम्हाला," मी म्हटलं. रडू येत होतं आणि रागही येत होता.

"सांगितलं होतं मी," बाई म्हणाली. "त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, तुमचा स्वभावच संशयी. माझ्या माणसांपैकी एकानं तोंडानं सांगू दे."

"आणि मी आज बोलले नसते तर? कुत्री घातली असती त्यांच्या सुरीखाली?"

"नाही. दारातून परत घेतली असती." तिनं शाल मांडीवर पसरली. "आणि उद्या राजीनामा दिला असता. मला पुन्हा अशा घरात राहायचं नव्हतं."

मग फोन वाजू लागले. मी फोन घेत होते, काय बोलत होते देव जाणे. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि छोट्या डॉक्टर बाहेर आल्या. घामानं निथळत होत्या, आणि गाऊनच्या बाह्या कोपरापर्यंत लाल. "व्यवस्थित झालं," त्या म्हणाल्या. "न फुटता पूर्ण निघालं. आजची रात्र बघावी लागेल, पण शुद्धीवर येतेय."

बाई उठली आणि त्यांना बाजूला सारून सरळ आत गेली. स्वतः बघितल्याशिवाय ती कुठली मानतेय! काचेतून मला दिसलं, कुत्रीच्या नाकापाशी गाल नेऊन ती श्वास येतोय का ते बघत होती. मग तिथंच गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडली. पैलवानानं तिला फडकं दिलं, ते आधी तिनं उलटंपालटं करून पाहिलं आणि मग डोळे पुसले.

डॉक्टर काउंटरपाशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत नव्हते, थोडे बाजूला बघत होते. मला बघायचं असलं की त्यांना तसंच बघावं लागत असणार. इतके महिने ते माझ्या लक्षात कसं आलं नाही?

"एक विचारतो," ते म्हणाले. "एखादं जनावर गेलं का माझ्या हातून?"

आक्का दारात आली होती. तिनं मला मानेनं नाही, नाही अशी खूण केली. मी पाहिली ती.

"एक," मी म्हटलं. "ते तीन रंगांचं मांजर. आजोबा घेऊन आले होते ते."

"तिचं हृदय कमकुवत होतं."

"नव्हतं, डॉक्टर."

ते काउंटरच्या कडेवरून हात फिरवत राहिले. "मी त्या आजोबांना बाजूला घेऊन काय म्हणालो होतो, माहितीय? म्हणालो, आजोबा, तुम्ही जरा आधी आणायला हवं होतं. ते माझ्या पाया पडायला लागले. म्हणाले, माझंच चुकलं. इतके दिवस तो म्हातारा माणूस हेच मनात घेऊन घरात बसला असेल."

आक्का ओढणीनं तोंड दाबून रडायला लागली. बाई आतून बाहेर आली होती, डोळे सुजलेले, आणि ती आक्काशेजारी उभी राहिली.

"त्यांचा फोन नंबर आहे?"

"आहे," मी घाईघाईनं म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी, डॉक्टर. तुम्ही कशाला त्रास घेता? मी त्यांना नीट समजावून सांगते."

"नको," ते म्हणाले. "तू गोड बोलशील."

त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. मी नंबर लावून तो त्यांच्या हातात दिला. बाईनं त्यांच्यामागे खुर्ची सरकवली, पण पलीकडून कुणी फोन उचलेपर्यंत ते उभेच राहिले.